हमीदाआपाचा साबण

बोलता बोलता हमीदाआपा मधेच उठली आणि "साबण कुठंय गो?" म्हणाली, की समजायचं, तिला कशाची तरी किळस आली. हात खराब झालेले असायचेच असं नाही. बहुतेक वेळा नसायचेच. पण कुणी काही ओंगळ बोललं, दाखवलं, हातात दिलं, की ही बाई उठायची, बांगड्या कोपराकडे सारायची आणि बेसिनपाशी उभी राहून सावकाश हात धुवायची. बरं, तुमच्याकडचा तो गुलाबाच्या वासाचा पातळ साबण तिला चालायचा नाही. पर्समध्ये प्लास्टिकची डबी असायची, त्यात उग्र वासाची लाल वडी. मग साबण कुठंय म्हणून विचारायची कशाला? तर घरवाल्यांना कळावं म्हणून.

आमच्या बर दुबईतल्या मनखूलच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या बायका तिला घाबरायच्या. माझे यजमान तर ती आली की म्हणायचे, आज मी काही बोलत नाही बाबा, उगाच नळ सुरू व्हायचा.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर बहिणीशी बोलत होते, आवाज माझा मुळातच मोठा. ही कोपऱ्यात उभी, डोक्यावर ओढणी, हातात भाजीची पिशवी, ऐकतेय. मी फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "गुहागरची काय तू?" म्हटलं हो, तुम्हाला कसं कळलं. तर म्हणे, "एवढं ओरडून दुसरं कोण बोलतं? मी खेडची. म्हणजे सासर खेडचं. माझा जन्म वोईचा."

वोई हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात शोधत बसू नका, मी शोधलं होतं. ते केनियात आहे. तिचे आजोबा आपल्या कोकणातून तिकडे रेल्वेच्या कामाला गेले, वडील तिथेच वाढले, आणि लग्नानंतर काही वर्षं खेडला काढून हिचा नवराही तिकडेच जाऊन दुकान चालवायला लागला. मीठ, साखर, रॉकेल, कापड. दुकानामागे मक्याची शेतं आणि शेतांच्या पलीकडे जंगल. कुंपण वगैरे काही नाही. माणूस इकडे, हत्ती तिकडे, आणि रात्री कोण कुठे हे अल्लालाच ठाऊक. नवरा गेल्यावर मुलाने तिला दुबईला आणलं. मुलगा कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात, सून शाळेत, नातवंडं इंग्रजीत उत्तर देणारी. आपण मराठीत विचारायचं, जेवलास का रे, ती म्हणणार, ऑलरेडी. आमच्याकडेही तेच.

मला वाटलं होतं, आफ्रिकेतून आलेली बाई म्हणजे हत्तीघोडे, सिंहबिंह यांच्या गोड गोड गोष्टी सांगेल. माझ्या नातीला, ईशाला, मी मुद्दाम घेऊन गेले. ईशाने विचारलं, आजी, यू लाइक एलिफंट्स? आपा म्हणाली, "हत्ती? मेल्यांनी माझं दुकान दोनदा मोडलं."

मिठासाठी. हत्तीला मिठाचा वास येतो म्हणे. भिंत ढकलून आत सोंड घातली, मिठाची पोती ओढली, जाता जाता शेजारणीचा सगळा मका झोपवला. शेजारीण सकाळी शेताच्या बांधावर बसून रडत होती. वर्षाचं खाणं गेलेलं. आणि त्याच दुपारी एक गोरा साहेब गाडीतून येऊन त्या बाईला सांगून गेला की हत्ती फार मौल्यवान आहे, त्याला त्रास देऊ नका. आपा म्हणायची, "मला त्या दिवशी हत्तीचा राग नाय आला गो. त्याला भूक होती. मला त्या साहेबाची किळस आली. त्याने मक्याकडे बघितलंसुद्धा नाय."

गावातल्या माणसांनी विषाचा विचार सुरू केला होता. भोपळ्यात विष घालायचं आणि ठेवून द्यायचं. तेव्हा कुणीतरी शिकवून गेलं, की हत्तीला मिरची सोसत नाही. मग बायकांनी जुनी लुगडी, जुनी पोती फाडली, वंगणाच्या जुन्या तेलात मिरचीची भुकटी कालवली, त्यात चिंध्या बुडवून दोरीला बांधल्या आणि दोरी शेताभोवती फिरवली. मिरची कुटायला पुढे कोण? तर आमची हमीदाआपा. तिथल्या बायका कुटायच्या आणि खोकून बेजार व्हायच्या. हिला कोकणात मे महिन्यात मसाला कुटायची सवय, हिला काय त्याचं. तोंडाला फडकं बांधून दोन पोती मिरची ही एकटी कुटायची, आणि हात झोंबतात म्हणून तो लाल साबण वापरायला लागली. साबणाची सवय तिथली. किळस आल्यावर धुवायचं, ते मागाहून सुरू झालं असावं. मी विचारलं नाही.

"हत्ती यायचा, वास घ्यायचा आणि परत जायचा," ती सांगायची. "रोज नाय जायचा. एखादा अडाणी यायचाच आत. पण विष नाय घातलं कुणी." एवढं झालं की तिची गोष्ट संपली. ईशाला वाटत होतं अजून काहीतरी होईल.

तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी होत्या. त्यांच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचा हस्तिदंती गणपती. नवं माणूस घरी आलं की त्या शोकेसमधून तो काढणार, हातात देणार आणि म्हणणार, खरा हस्तिदंत आहे हं, आता मिळत नाही. आपाच्याही हातात दिला. आपाने दोन्ही हातांनी घेतला, उलटा करून खालून पाहिला. मग माझ्याकडे दिला आणि मला म्हणाली, देव आहे, खाली ठेवू नको. आणि त्या वहिनींना अगदी साध्या आवाजात सांगितलं, "वहिनी, हा दात नुसता उपटून नाय येत. निम्मा दात डोक्याच्या आत असतो. तोंड कापावं लागतं, इथून इथपर्यंत." स्वतःच्या गालावरून बोट नेलं डोळ्यापर्यंत. "आमच्या गावाबाहेर एक हत्तीण पडलेली. बरोबर पिल्लू होतं. साबण कुठंय?"

वहिनींनी चहा पुढे केला नाही. पुढे तो गणपती शोकेसमध्येही दिसला नाही, देवघरात गेला म्हणतात.

आता माझ्या मुलाच्या ऑफिसातली गंमत सांगते, गंमत म्हणजे काय, शिसारीच. त्याचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, खूप वरच्या मजल्यावर. तिथे आफ्रिकेतले प्राणी वाचवण्यासाठी म्हणून एक संध्याकाळ ठेवली होती. मोठे मोठे फोटो लावलेले, माणसं काळ्या सुटात, काचेबाहेर सगळी दिव्यांची झगमग. मुलाने म्हटलं, आई, तू आणि आपा या, आपांना आवडेल. मी हरखून गेले. आपाने चांगला ड्रेस घातला, सोन्याची साखळी घातली.

आत गेलो तर बर्फाचा हत्ती. खरंच सांगते, बर्फाचा कोरलेला हत्ती आणि त्याच्या पायाशी कोळंबी. हत्ती वितळतोय, लोक कोळंबी उचलतायत. मग एका बाईंनी भाषण केलं, एकामागून एक फोटो दाखवले. सिंह, गेंडा, चित्ता, सूर्यास्त. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर आपाने हात वर केला. माझा मुलगा जमिनीकडे बघायला लागला. आपा हिंदीत म्हणाली, "बेटा, फोटो बहुत अच्छे हैं. इसमें आदमी किधर है?"

त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, ही अनटच्ड जंगलं आहेत. आपा म्हणाली, "मैं उधर पैदा हुई. आदमी था. तुमने फोटो में से निकाल दिया. जिसको निकालोगे, वो ही फंदा लगाएगा ना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हो. समजून नव्हे, म्हातारी गोड आहे म्हणून. एकाने तिच्याबरोबर सेल्फी काढला. आपाने मला विचारलं, इथे मोरी कुठं असते गो.

एवढं सगळं सांगितलं ते पुढच्यासाठी. कारण पुढे जे झालं त्यात ती जशी वागली, ते मला कित्येक दिवस पचलं नव्हतं.

अबुधाबीच्या खलिफा सिटीत आमच्या मराठी मंडळातल्या एक मृणाल मॅडम राहतात. नाव बदललंय मी, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मोठा व्हिला, यजमान कंत्राटदार, घरात कांदा-लसूणसुद्धा जपून. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी त्यांच्याकडे दणक्यात. आम्ही बर दुबईच्या बायका भाड्याची व्हॅन करून गेलो. आपालाही मी नेलं, ती अशा ठिकाणी खुशीत यायची. कुंकू लावून घ्यायची नाही, पण तिळगूळ हक्काने मागून घ्यायची आणि वाण म्हणून मिळालेली वाटी पुढच्या वर्षी मला दाखवायची, बघ अजून टिकलीय.

हॉलमध्ये शिरलो तर उदाचा वास, इतका की डोळे चुरचुरले. आणि उदाच्या खालून दुसरा वास. मुताचा. बायका एका कोचाभोवती घोळका करून उभ्या. मध्ये मृणाल मॅडम, पैठणी, हलव्याचे दागिने, आणि मांडीवर चित्त्याचं पिल्लू.

मांजरापेक्षा थोडं मोठं. पाठीवर धुरकट केसांची आयाळ, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेघा. गळ्यात मोत्यांची माळ, कमरेला लहान मुलाचा डायपर. आणि कपाळावर हळदकुंकू. मॅडम प्रत्येकीला सांगत होत्या, देवीचं वाहन आहे, आधी त्याला लावा. बायका लावत होत्या. एकीने ओवाळलं. नाव गोल्डी. किंमत आधी दिरहममध्ये सांगितली आणि मग रुपयांत, कुणाचा हिशोब चुकायला नको म्हणून. इथे असलं जनावर घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, म्हणून मॅडम म्हणाल्या, फोटो काढा पण स्टेटसला टाकू नका हं. आणि वर, "आपल्या सरकारने नाही का आफ्रिकेतून आणले? आम्ही एक आणला तर काय झालं?"

पिल्लू चिमणीसारखं चिवचिवत होतं. बायका म्हणत होत्या, अय्या, किती गोड, बोलतोय. ईशा माझ्याबरोबर आली होती, ती माझ्या पदराआड येऊन म्हणाली, आजी, दॅट्स ग्रोस. मला मूठभर मांस चढलं. निदान एकीला तरी नाक आहे म्हटलं.

आपा पुढे झाली. मी मनात म्हटलं, आता ही साबण मागणार. पण नाही. तिने वाकून पिल्लाचा पुढचा पाय हातात घेतला, अंगठ्याने दाबत वरपर्यंत गेली. पाय धनुकलीसारखा वाकलेला होता. "काय खातो?" तिने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे नॉनव्हेज येत नाही ना. पनीर, दूधभात, प्रोटीन पावडर. सगळं इम्पोर्टेड."

आता तुम्ही म्हणाल, असं कुणी करतं का. करतात. चित्त्याला दूधभात घालणारं घर आपल्याशिवाय कुणाचं असणार? मी स्वतः वाटीत कालवलेला पाहिला, वर तूप.

आपा म्हणाली, "बोलत नाय ते. आईला हाक मारतंय." आणि स्वयंपाकघराकडे गेली.

मी मागोमाग गेले तर ती मागच्या दारी एका माणसाशी बोलत होती. विलास त्याचं नाव, मंडणगडकडचा, चाळिशीचा. बाग, गाडी, आणि आता पिल्लू, सगळं त्याच्याकडे. तो भेदरलेला होता. पनीरवर हे मरेल म्हणून तो स्वतःच्या खोलीत चोरून कोंबडीचं मऊ मांस भरवत होता, हाडं मुद्दाम काढून, घशात अडकतील म्हणून. बिचाऱ्याने जीव लावून केलं आणि हाडांशिवाय पाय वाकले. पण तो भेदरला होता वेगळ्याच कारणाने. शेजारच्या व्हिल्यातून वासाची तक्रार झाली होती. साहेब म्हणाले होते, ह्या शनिवारी गाडीत घाल आणि वाळवंटात सोडून ये, तिथलंच जनावर आहे, जगेल.

"तिथलं नाय ते," आपा म्हणाली.

"मला काय माहीत नाय काय, आपा? पण मी नाय म्हणू कसा? पासपोर्ट त्यांच्याकडे आहे."

इकडे हॉलमध्ये मी परत आले तेव्हा मृणाल मॅडम हसत हसत कुणाला तरी सांगत होत्या, अहो, काही झालंच तर विलासने आणलं असं सांगायचं, ठरलंय आमचं. हातात तिळगुळाची ताटली. मला म्हणाल्या, घ्या ना, गोड बोला.

परतीच्या व्हॅनमध्ये बायका गाणी म्हणत होत्या. मॅडम विलासबद्दल काय म्हणाल्या ते मी आपाच्या कानात सांगितलं. तिने साबणही मागितला नाही. वाण म्हणून मिळालेला डबा मांडीवर घेऊन बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले, म्हटलं, आपा, सरळ फोन करू आणि कळवू. येतील, घेऊन जातील, आणि त्या बाईला चांगली अद्दल घडेल. मला तर तिला पोलिसांच्या गाडीत बसलेली बघायची होती, पैठणीसकट.

"आणि विलास?" आपाने विचारलं.

मी म्हटलं, तो खरं काय ते सांगेल.

"त्याचं ऐकणार कोण? पिल्लू त्याच्या खोलीत, चिकन त्याच्या खोलीत. शनिवारी गाडीत तोच." तिने चहा माझ्यापुढे सरकवला. "तू जनावर सोडवशील आणि माणूस अडकवशील. मग मंडणगडात त्याची पोरं चित्ता म्हटल्यावर थुंकतील. हे मी बघितलंय गो. असंच होतं."

पिल्लू कुठून आलं तेही तिला ठाऊक होतं. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या टोकाला, एखाद्या धनगराची बकरी चित्त्याने खाल्ली असेल. त्या बकरीची भरपाई द्यायला त्याच्या दारी कुणी गेलं नाही. पिल्लं विकत घ्यायला मात्र माणूस गेला. मादी शिकारीला गेल्यावर पिल्लं उचलली, पोत्यात भरली, होडीत घातली. बहुतेक वाटेतच मरतात. हे मेलं नाही, म्हणून मांडीवर आलं. "तिकडे त्या धनगराला विचारलं नाय," ती म्हणाली, "आता इकडे विलासला विचारायचं नाय. मग फरक काय तुझ्यात नि त्या फोटोवाल्या बाईत?"

मला राग आला. मी म्हटलं, मग करायचं काय? ती म्हणाली, चल, व्हिल्यावर जाऊ.

त्या दिवशीची आपा मी कधी पाहिली नव्हती. मृणाल मॅडमसमोर बसली आणि तोंडात खडीसाखर. आधी थोडं भेडसावलं, की शेजारी तक्रार करणारच, वाळवंटात जनावर सापडलं की चौकशी होणारच, आणि काल इतक्या बायकांनी फोटो काढलेत, एखादीच्या मोबाईलमधून बाहेर पडणारच. मॅडमचा चेहरा उतरला. मग आपा म्हणाली,

"पण मला तर वाटतं मॅडम, तुम्ही ह्याला वाचवलंय."

"म्हणजे?"

"दुसरीकडे असतं तर मेलं असतं. तुम्ही सांभाळलं. आता त्याच्या पायाला इलाज पायजे, म्हणून तुम्ही स्वतःहून देताय. असं मन कुणाचं असतं? मंडळाने सत्कार करायला पायजे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मृणाल मॅडम मात्र सरळ बसल्या. म्हणाल्या, "मला पहिल्यापासून मुक्या प्राण्यांची आवड आहेच."

"आहेच," आपा म्हणाली. "चेहऱ्यावर दिसतं. डॉक्टर माझ्या मुलाच्या ओळखीचा आहे, त्याला काय खरं ते सगळं सांगायचं, तो पुढे कुणाकडे द्यायचं ते बघेल. बाहेर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. फक्त विलासचं नाव कुठे येता नये. त्याला मी आमच्या भाच्याच्या कोल्ड स्टोअरमध्ये घेते. त्याचा पासपोर्ट तेवढा द्या."

साहेबांना फोन झाला. आत बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी मॅडम पासपोर्ट घेऊन बाहेर आल्या आणि टेबलावर ठेवला. आपाने तो पर्समध्ये टाकला, साबणाच्या डबीशेजारी. उठताना म्हणाली, "यल्ला, चला, डॉक्टरला आजच बोलावते. उद्या नको, आज."

टॅक्सीत बसल्यावर मी तिच्यावर उखडले. म्हटलं, आपा, त्या बाईचे पाय धुवायचे तेवढे बाकी ठेवलेत तुम्ही. मला किळस येते बोलायची.

ती म्हणाली, "मला नाय येत?"

मग तिने वोईच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तारेचे फास लावायचा. हरणासाठी लावायचा, पण फासाला काय कळतं, त्यात हत्तीची पिल्लं अडकायची, तार पायात रुतत जायची, पाय कुजायचा. सगळं गाव त्याला ओळखून होतं. आणि जंगल राखायला गावातली माणसं घ्यायची ठरलं तेव्हा पहिला घेतला तो हाच. खाकी सदरा, बूट, पगार. आपा म्हणाली, तो दुकानात मीठ घ्यायला आला की मी पैसे चिमटीत धरून गल्ल्यात टाकायची आणि हात धुवायची. पण फास कुठे लावतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याने वेचून वेचून तारा काढल्या. ढीग झाला तारांचा, माणसाच्या उंचीएवढा.

"किळस आपली असते गो," ती म्हणाली. "ती आपण घरी न्यायची आणि धुवायची. जनावराच्या आड आणायची नाय."

मला पटलं नव्हतं, आजही सगळं पटलेलं नाही. त्या बाईला तिच्या घरात शिरून कुणीतरी सुनवायला हवं होतं असंच मला वाटतं.

गोल्डीला त्याच दिवशी नेलं. डॉक्टर मल्याळी, तरुण, कमी बोलणारा. तपासताना त्याने एकदाच मान हलवली. पुढचं त्याने आपाच्या मुलाला कळवलं: पाय थोडे सुधारतील, सरळ होणार नाहीत. जंगलात आता कधीच नाही. दुसऱ्या चित्त्यांबरोबर कुंपणात राहील. जगातलं सगळ्यात वेगाने धावणारं जनावर, त्याने लंगडत चालायचं, कारण कुणाच्या मांडीला शोभा हवी होती. विलास कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, लागला. पहिल्या सुट्टीच्या दिवशी आपाकडे आला, सुरमई घेऊन, आणि पिल्लू कसं आहे म्हणून विचारताना रडला.

आणि मग मंडळाचा कार्यक्रम आला. मृणाल मॅडमचा सत्कार. "वन्यजीवांची आई" असा फलक, त्यावर आफ्रिकेचा नकाशा. मी जाणार नव्हते. आपानेच ओढून नेलं, म्हणाली, मी शब्द दिलाय, आणि एकटी बसले तर झोप लागेल.

निवेदकाने मंचावरून पुकारा केला, की आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनी, ज्यांचा जन्मच आफ्रिकेतला, त्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ द्यावं अशी सत्कारमूर्तींची इच्छा आहे. आपा उठली. गुडघे दुखत होते, तरी पायऱ्या एकटी चढली. शाल उलगडली, त्या बाईच्या खांद्यावर नीट घातली, एक टोक घसरलं तर परत सारखं केलं. नारळ दिला. फोटोसाठी थांबली. मृणाल मॅडम माइकवर म्हणाल्या, गोल्डी माझा मुलगाच होता, पण मी मोठ्या मनाने त्याला त्याच्या माणसांत पाठवला. त्याच्या माणसांत म्हणाल्या. लोकांचे डोळे ओले झाले. आपा खाली येऊन माझ्याशेजारी बसली आणि टाळ्या वाजवायला लागली. नुसत्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवत राहिली. मला कोपर मारलं, वाजव की. माझ्या मागच्या खुर्चीवर मॅडमचे यजमान बसले होते. मीही वाजवल्या.

त्यानंतर पंधरवड्यात ती मोम्बासाला गेली, मुलीकडे. ती जायच्या वेळी मी भारतात होते, त्यामुळे नीट निरोप काही झाला नाही. फोन येतो, आवाज तोच. मुलीच्या घरामागे माकडं येतात, पपया फस्त करतात, आणि आपा त्यांना शिव्या घालते आणि वरच्या दोन पपया सोडून देते, असं मुलगी सांगते. पण मी तिला शेवटची पाहिली ती त्याच संध्याकाळी.

कार्यक्रम संपला, जेवणाच्या रांगा लागल्या, पुरणपोळीचा वास सुटला. आपा दिसेना. मी शोधत शोधत बायकांच्या वॉशरूममध्ये गेले. सगळं संगमरवरी, आरसे, हात पुढे केला की आपोआप फेस सोडणारं यंत्र. तिने ते वापरलं नव्हतं. डबी उघडून बेसिनच्या कडेला ठेवलेली, बांगड्या वर सारलेल्या, आणि ती लाल वडी दोन्ही हातांत फिरवत होती. तळवे, बोटांच्या बेचक्या, मनगटं, पुन्हा तळवे. नळ मधेमधे बंद पडायचा, ती हात हलवून तो सुरू करायची. आरशात तिने मला पाहिलं.

हात पुसून झाल्यावर तिने डबी बंद केली नाही. ओली वडी उचलली, माझा उजवा हात धरला आणि तळव्यावर ठेवली.

"तू पण वाजवल्यास ना," ती म्हणाली. "घे."